घेतला, दिला, झाला: बाप्तिस्म्याचं पाणी आणि तारणाचा प्रश्न

सुरत-भुसावळ लाइनवर शिंदखेड्यानंतर थोड्याच वेळात नरडाणा येतं. आग्रा रोड आणि तापी लाइन या दोन्हींवरचं हे धुळे जिल्ह्यातलं गाव. एमआयडीसी आल्यापासून बाहेरगावची माणसं इथे भाड्याच्या खोल्या करून राहू लागली. समजा, त्यांत नगरकडचा एक फिटर आहे. घर आजोबांपासून ख्रिस्ती, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. रविवारी तो जवळपासच्या एखाद्या मंडळीत उपासनेला जाऊन बसतो. भजनं ओळखीची निघतात, कवी ना. वा. टिळकांची. पेटी-ढोलकीचा ठेकाही तोच. मग प्रभुभोजनाची वेळ येते आणि एक वडीलधारे हळूच विचारतात, "भाऊ, बाप्तिस्मा झालाय ना?" "हो, दीड महिन्याचा होतो तेव्हा." वडीलधारे जरा थांबतात. "तो तुमच्या आईवडिलांनी दिला. तुम्ही घेतलाय का?"

प्रसंग काल्पनिक आहे, पण असे संवाद होत असतात. खानदेशात विसाव्या शतकात रुजलेल्या मंडळ्यांपैकी बहुतेक तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. पश्चिमेकडे स्कँडिनेव्हियन वळणाच्या मिशनांनी भिल्लांत काम केलं आणि पूर्वेकडे अमेरिकन ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने. दोन्हीकडची शिकवण एकच: आधी विश्वास, मग पाणी, आणि पाणी म्हणजे डोक्यावर शिंपडलेलं नव्हे, अख्खा माणूस बुडेल एवढं. नगर, सोलापूर, पुणे इकडच्या जुन्या मंडळ्यांत आणि वसईच्या कॅथलिक गावांत मात्र बाळाच्या कपाळावर पाणी पडतं, पेढे वाटले जातात, नाव ठरतं.

मराठीत या वादाचं निम्मं उत्तर क्रियापदातच दडलेलं असतं. वसईत बाळाचा बाप्तिस्मा 'होतो'. धर्मगुरू तो 'देतात'. नरडाण्याकडचा माणूस तो 'घेतो', अहिराणीत 'ली लिधा'. आणि या तिन्ही क्रियापदांशी काही देणंघेणं नसलेल्या गावाच्या तोंडी चौथंच क्रियापद असायचं: 'बाटला'. बाप्तिस्म्यावाचून तारण आहे की नाही, या प्रश्नाचा महाराष्ट्रातला इतिहास या चार क्रियापदांच्या रस्सीखेचीचा आहे. ('तारण' हा शब्दही गमतीचा. कापूस लावणाऱ्या शेतकऱ्याला तो ऐकून आधी सोसायटीचं कर्ज आठवतं. ख्रिस्ती मराठीत त्याचा अर्थ पापातून सुटका.)

मूळ आधार नव्या कराराचा, आणि तिथे दोन्ही पक्षांना पुरेल एवढा मालमसाला आहे. बाप्तिस्मा अनिवार्य मानणारे निकदेमाची गोष्ट काढतात. रात्री गुपचूप भेटायला आलेल्या त्या परूश्याला येशू सांगतो, की पाण्याने आणि आत्म्याने जन्मल्याखेरीज देवाच्या राज्यात जाता येत नाही. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला पेत्राने पश्चात्ताप आणि बाप्तिस्मा एका दमात सांगितले आणि त्या दिवशी सुमारे तीन हजारांची भर पडली. पेत्राच्याच नावावरच्या पत्रात नोहाच्या तारवाची उपमा देऊन बाप्तिस्मा तारतो असं म्हटलंय. अर्थात लगेच पुढे अंगाचा मळ धुण्याची ही गोष्ट नव्हे, अशी पुस्ती आहे. मार्काच्या शेवटी विश्वास आणि बाप्तिस्मा यांची जोडी येते खरी, पण दोषी ठरवताना तिथे नाव फक्त अविश्वासाचं घेतलंय. शिवाय मार्काच्या शेवटच्या बारा ओव्या सर्वांत जुन्या दोन हस्तलिखितांत नाहीतच.

उलट बाजूचा हुकमी एक्का म्हणजे वधस्तंभावरचा चोर. त्याला त्याच दिवशी सुखलोकाचं वचन मिळालं. त्याच्या वाट्याला पाणी कुठून येणार, हातपाय खिळलेले. कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरात पवित्र आत्मा आधी उतरला आणि पेत्राने पाणी मागून मागवलं. आणि पौल करिंथकरांना लिहितो तेव्हा तर चक्क विसरतो. मी तुमच्यापैकी क्रिस्प, गायस आणि स्तेफनाच्या घरच्यांना बाप्तिस्मा दिला, आणखी कुणाला दिला असल्यास आठवत नाही, आणि मला पाठवलंय ते बाप्तिस्मा द्यायला नव्हे, सुवार्ता सांगायला, असा त्याचा सूर. ज्या विधीवाचून माणसं नरकात जातात असं मानायचं, तो कुणाकुणाला दिला हे पौलासारखा माणूस विसरेल, हे पटायला जड आहे.

तरीही एक गोष्ट दोन्ही बाजूंच्या वकिलांच्या नजरेतून निसटते. नव्या करारातल्या या कहाण्यांत विश्वास आणि पाणी यांच्यात अंतर असतं ते काही तासांचं. फिलिप्पीचा तुरुंगाधिकारी मध्यरात्री विचारतो की तारणासाठी काय करू, आणि उजाडायच्या आत घरच्यांसकट ओला झालेला असतो. इथियोपियाचा षंढ अधिकारी वाटेत पाणी दिसताच रथ थांबवतो. 'विश्वास आहे पण बाप्तिस्मा नाही' असा माणूस त्या पुस्तकात राहत नाही, कारण तसं राहायला त्याला सवडच मिळत नाही. अंतर पुढे वाढलं आणि प्रश्न पेटला तो त्या अंतरात.

पहिलं अंतर श्रीमंतांनी आणि सावधांनी वाढवलं. बाप्तिस्म्याने आधीची सगळी पापं धुतली जातात, मग घाई कशाला, असा हिशेब. इ. स. २००च्या सुमारास ख्रिस्ती लेखक तर्तुलियनने तर मुलांचा बाप्तिस्मा लांबवा असाच सल्ला दिला होता. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३३७ साली मृत्युशय्येवर बाप्तिस्मा घेतला. तयारी करता करता जे मेले त्यांचं काय? छळात मारले गेले त्यांचा तो 'रक्ताचा बाप्तिस्मा' मानला गेला. ३९२ साली तरुण सम्राट व्हॅलेंटिनियन दुसरा बाप्तिस्म्याआधीच मरण पावला, तेव्हा मिलानचा बिशप अँब्रोझ याने शोकभाषणात सांगितलं की त्याने मागितलं होतं, म्हणजे त्याला मिळालं. 'इच्छेचा बाप्तिस्मा' ही कल्पना अशी एका शोकसभेतून बळकट झाली.

तान्ह्या बाळांना मात्र ना रक्त होतं, ना इच्छा. आदिपाप नाकारणाऱ्या पेलाजियसशी भांडताना ऑगस्टिन या टोकाला पोचला, की आदिपापामुळे बाप्तिस्म्यावाचून मेलेली बाळंही तारणाबाहेर, शिक्षा फार तर सौम्यातली सौम्य. मध्ययुगाने त्यावर लिंबो नावाची पडवी बांधली: यातना नाहीत, देवदर्शनही नाही. ज्या काळात पाळणे निम्मेअर्धे रिकामे होत, त्या काळात याचा अर्थ काय होता तो आयर्लंडमध्ये आजही जमिनीवर दिसतो. बाप्तिस्मा न झालेल्या बाळांना पवित्र केलेल्या स्मशानभूमीत जागा नसे. त्यांच्यासाठी शेताच्या बांधाला, ओसाड जागी वेगळ्या दफनभूमी होत्या, त्यांना किलीन म्हणत. म्हणूनच कॅथलिक चर्चने एक मोठी खिडकी उघडी ठेवली: जीव जात असेल तर बाप्तिस्मा कुणीही द्यावा. सुईण, नर्स, शेजारीण, स्वतः ख्रिस्ती नसलेली बाईसुद्धा. पाणी ओतायचं, त्रैक्याच्या नावाने शब्द उच्चारायचे आणि चर्चला जे अभिप्रेत आहे ते करण्याचा हेतू हवा, बस. १९८३ची कॅनन कायद्याची संहिताही हेच सांगते. इतका सोपा केलेला विधी जगात दुसरा क्वचितच असेल, आणि तो सोपा केला गेला कारण तो अत्यावश्यक मानला गेला.

याच भीतीने सोळाव्या शतकात फ्रान्सिस झेवियरला किनाऱ्या-किनाऱ्याने पळवलं. १५४२च्या मे महिन्यात तो गोव्यात उतरला आणि दक्षिणेच्या मच्छीमार वस्त्यांत गेला. बाप्तिस्मा देऊन देऊन हात दुखून येतात, असं त्याने पत्रात लिहिलं. पण त्याच्या पत्रांतली सगळ्यांत बोचरी हकीकत जपानची आहे. तिथले नवे ख्रिस्ती त्याला विचारत राहिले, की आमचे वाडवडील कुठे आहेत? त्यांना सोडवण्याचा काही मार्ग? त्याने नाही म्हटलं, आणि ते रडले. त्यांना रडताना पाहून आपल्यालाही वाईट वाटलं, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. आखाजीला पितरांसाठी घागर भरणाऱ्या आणि आगारी टाकणाऱ्या खानदेशी माणसाला हा प्रश्न जपानी वाटणार नाही. 'माझं तारण होईल' या वाक्याला चिकटून 'मग आजीचं काय' हे वाक्य येतंच.

रोमचं अधिकृत उत्तर त्रेंतच्या परिषदेत १५४७ साली पक्कं झालं: बाप्तिस्मा ऐच्छिक आहे, तारणाला लागत नाही, असं म्हणणारा बहिष्कृत. पण त्याच वर्षीच्या दुसऱ्या निर्णयात 'बाप्तिस्मा किंवा त्याची इच्छा' अशी शब्दयोजना आहे. त्या 'किंवा'ने पुढच्या चारशे वर्षांचं काम केलं. बोस्टनचे फादर लिओनार्द फीनी 'चर्चबाहेर तारण नाही' हे अक्षरशः घेऊन बसले, तेव्हा १९४९ साली रोमने पत्राने त्यांची चूक दाखवली आणि १९५३ साली त्यांनाच बहिष्कृत केलं. कडक सिद्धांत कडकपणे पाळणारा आणि तरी चर्चबाहेर काढलेला माणूस! दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ज्यांना दोष नसताना ख्रिस्त ठाऊकच झाला नाही त्यांच्याही तारणाची शक्यता मान्य केली. १९९२च्या धर्मशिक्षणग्रंथात भूमिका अशी की देवाने तारण या संस्काराला बांधलंय, पण देव स्वतः संस्कारांना बांधलेला नाही. आणि २००७ साली पोपच्या संमतीने प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणं आहेत, असं सांगितलं. लिंबोची पडवी पाडली नाही. तिथे कुणी राहतं असं मात्र आता फारसं कुणी म्हणत नाही.

प्रॉटेस्टंट म्हणजे बाप्तिस्म्याला कमी लेखणारे, हा सोपा समज चुकीचा आहे. लूथर बालबाप्तिस्म्याच्या बाजूने होता आणि १५३०च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात लूथरपंथीयांनी तो तारणाला आवश्यक असल्याचं साफ लिहिलं. खरी फूट झ्युरिखमध्ये पडली. २१ जानेवारी १५२५ रोजी तिथल्या एका घरात काही तरुणांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला, कारण लहानपणीचा त्यांना मान्यच नव्हता. दोन वर्षांच्या आत त्यांतल्या फेलिक्स मान्झला लिमाट नदीत हातपाय बांधून बुडवून मारलं, तेही प्रॉटेस्टंट नगरसभेनेच. पाण्यावरून गुन्हा, म्हणून पाण्यानेच शिक्षा, असा तो क्रूर विनोद होता.

स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांनी मुंबई-पुण्यात आणलेली वेस्टमिन्स्टर परंपरा मधली वाट काढते: बाप्तिस्म्याची हेळसांड करणं हे मोठं पाप, पण त्यावाचून कुणाचं तारण होणारच नाही असं नाही. बारामतीत ऑस्ट्रेलियाच्या चर्चेस ऑफ क्राइस्टचं मिशन आलं. त्या चळवळीत प्रौढपणी पाण्यात बुडणं थेट पापक्षमेशी जोडलेलं आहे. आणि नगरला जिचं बूथ हॉस्पिटल सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे, ती मुक्तिफौज १८८३पासून बाप्तिस्माच देत नाही. १८८२ साली ती मुंबईत उतरली आणि पुढच्याच वर्षी तिने हा संस्कार बाजूला ठेवला. म्हणजे बारामती आणि नगर, एसटीने काही तासांचं अंतर, आणि त्यात ख्रिस्ती जगातली दोन टोकं.

भाषांतरातही हा वाद शिरला. सेरामपूर परंपरेच्या बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी बंगाली नव्या करारात ग्रीक क्रियापदाचा अर्थ 'बुडवणे' असा केला, तेव्हा ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीने पैसे द्यायला नकार दिला. बाप्टिस्टांनी १८४० साली वेगळी संस्था काढली. मराठीत शेवटी 'बाप्तिस्मा' हा ग्रीक शब्दच राहिला. त्यात बुडणारेही मावतात आणि शिंपडणारेही.

महाराष्ट्रात प्रश्नाला वेगळंच वळण लागलं, आणि ते मिशनऱ्यांना अनपेक्षित होतं. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अजून लहान मुलगाच. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. तो मिशनऱ्याच्या घरी राहिला आणि तिथे जेवला, एवढंच. कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केलं. मग खरा गोंधळ उडाला: याला जातीत परत घ्यायचं का? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन घ्यावं असा पक्ष धरला, सनातन्यांनी विरोध केला आणि मुंबईच्या ब्राह्मणांत तट पडले. मिशनच्या वहीत श्रीपत ख्रिस्ती नव्हता, कारण पाणी पडलं नव्हतं. जातीच्या लेखी तो बाटला होता, कारण घास पडला होता. एकाची सीमा पाणी, दुसऱ्याची अन्न. नारायण शेषाद्री पुढे जालन्याला गेले आणि तिथे त्यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं.

बाप्तिस्म्याने माणसाचं घर, वारसा, बायको, पंगत सगळंच जायचं, म्हणून विश्वास आणि पाणी यांतलं अंतर इथे वर्षांचं झालं. मनाने ख्रिस्ती आणि देहाने घरात, अशी माणसं तयार झाली. १८५४ साली बेळगावात बाप्तिस्मा घेतलेले बाबा पदमनजी या अवस्थेतून स्वतः गेले होते. १८५७ साली त्यांनी लिहिलेल्या 'यमुनापर्यटन' या मराठीतल्या पहिल्या कादंबरीतलं नायक-नायिकेचं जोडपं ख्रिस्तावर गुप्तपणे विश्वास ठेवणारंच आहे. मराठी कादंबरीचा जन्म बाप्तिस्म्याच्या अलीकडच्या काठावर झाला, असं म्हटलं तरी चालेल.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत अंतर उलट्या दिशेने पडलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे, अँग्लिकन जोगिणींच्या आश्रमात, त्यांनी लहानगी लेक मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गदारोळ झाला. पण लगेच दिसलं की बाईंनी पाणी घेतलंय, लगाम नाही. त्रैक्य, चर्चचा अधिकार, पंथाची बंधनं यांवर वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो आज वाचताना जेराल्डीनबाईंची दया येते. आपल्या सद्सद्विवेकाची किल्ली कुणाच्या हाती द्यायला रमाबाई तयार नव्हत्या. आणि नंतर, आपल्या आत्मिक वाटचालीची हकीकत सांगताना, त्यांनीच नोंदवलं की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना जाणवलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त नाही. १८८३च्या पाण्याने तारण झालं का, असं त्यांना विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या असं वाटतं. मग त्यांनी पाणी निरुपयोगी मानलं म्हणावं, तर तसंही नाही: केडगावच्या मुक्तिसदनातल्या मुलींना त्यांनी जवळच्या भीमा नदीवर बाप्तिस्म्याला नेलं.

नारायण वामन टिळकांची गोष्ट सगळ्यांत लांब पल्ल्याची, आणि तिचा एक धागा नरडाण्याच्याच लाइनवर येतो. १८९३ साली राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. विश्वास बसायला वेळ लागला नाही. पाण्यापर्यंत पोचायला लागला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घरचं काय झालं ते पत्नी लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लक्ष्मीबाई नवऱ्यापासून काही वर्षं दुरावल्या, परत आल्या, सोवळं सांभाळत त्याच घरात वेगळी चूल मांडून राहिल्या आणि मग एके दिवशी जातिभेद माणसाने केलाय हे मनाशी पटल्यावर त्यांनी आधी शिवाशिव टाकली, बाप्तिस्मा नंतर घेतला. त्यांचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. धर्मपंडित पाप, क्षमा, पाणी असा क्रम लावतात. लक्ष्मीबाईंना आधी दुसऱ्याच्या हातचं पाणी चाललं, मग डोक्यावरचं.

या घरात धरणगावचा एक पोरसवदा कवी येऊन राहिला होता. त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात तो 'बालकवी' झाला. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी नेलं. धरणगाव म्हणजे नरडाण्याहून जळगावकडे जाताना अमळनेरच्या पुढचं स्टेशन. ठोमरे टिळकांच्या घरात मुलासारखा वाढला, ख्रिस्ती उपासना ऐकत राहिला, लक्ष्मीबाईंकडे हट्ट करत राहिला; पण बाप्तिस्मा त्याने घेतला नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ गाडीखाली त्याचा अंत झाला. ज्यांना बाप्तिस्म्यावाचून तारण नाही असं ठामपणे वाटतं, त्यांनी लक्ष्मीबाईंना तसं जाऊन सांगायची कल्पना करून पाहावी.

योगायोग असेल नसेल, पण ठोमरे गेला त्याच्या आदल्या वर्षी, १९१७ साली, टिळकांनी अमेरिकन मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. त्यात ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कुणालाही जागा होती, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. टिळक बाप्तिस्म्याच्या विरोधात नव्हते. स्वतःचा त्यांनी कधी परत केला नाही. त्यांची तक्रार होती ती पाण्याबरोबर जबरदस्तीने येणाऱ्या विलायती आयुष्याबद्दल. बाप्तिस्मा घेतलेला माणूस आपल्या माणसांतून उठतो आणि मिशनच्या आवारात जाऊन बसतो, मग त्याच्या विश्वासाचा गावाला उपयोग काय, असा तो सवाल. मिशनरी मित्रांना हे अवघड गेलं, कारण दार आणि उंबरा एकच असतो असं त्यांनी धरलं होतं. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले आणि दरबारही त्यांच्यामागे फार टिकला नाही. प्रश्न टिकला. १९९१ साली हर्बर्ट होफर यांचं चेन्नईकडच्या बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांवरचं पुस्तक आलं, तेव्हा मराठी वाचकाला ते नवं वाटायचं कारण नव्हतं.

मंडळ्यांनी आपसात तडजोड केली ती मात्र महाराष्ट्रातच. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि न देणारे बाप्टिस्टही. डहाणू आणि गुजरातेत काम केलेले ब्रदरन तर तीनदा बुडवणारे. वर्षानुवर्षांच्या वाटाघाटींत बाप्तिस्मा ही अवघडातली अवघड गाठ होती. ती सोडवली गेली नाही. दोन्ही पद्धतींना सारखाच मान देऊन बाजूला ठेवली गेली. एक अट पाळायची, पुन्हा बाप्तिस्मा नाही. लहानपणी पाणी पडलेल्याने मोठेपणी विश्वासाची कबुली द्यावी, दृढीकरण घ्यावं, दुसऱ्यांदा बुडू नये. नरडाण्यातल्या आपल्या फिटरची पंचाईत नेमकी इथे आहे. त्याचं मूळ चर्च म्हणतं एकदाच. समोरचे वडीलधारे म्हणतात, ते एकदासुद्धा झालेलं नाही.

आणि या सगळ्यावर आता कोर्टही बोलतं. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याचा दर्जा जातो. शिखांना १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली त्या आदेशात जागा मिळाली, ख्रिस्ती बाहेरच राहिले. आदिवासींना ही अट नाही. म्हणून साक्री-नवापूरकडचा भिल्ल बाप्तिस्म्यानंतरही भिल्लच, जरी अलीकडे धर्मांतरित आदिवासींनाही यादीतून काढा अशी मागणी जोर धरतेय. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे अमरावतीच्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण आलं. घरात येशूचं चित्र आढळलं म्हणून पडताळणी समितीने तिचा जातीचा दावा फेटाळला होता. न्यायालयाने समितीचा निर्णय रद्द केला: भिंतीवर चित्र असणं म्हणजे धर्मांतर नव्हे, आणि आजोबांचा, वडिलांचा किंवा तिचा बाप्तिस्मा झाल्याचा पुरावा नाही. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात उलटा निकाल दिला. तिथे लहानपणच्या बाप्तिस्म्याची नोंद होती, चर्चला जाणं चालू होतं, आणि नोकरीपुरतं हिंदू असल्याचा दावा मान्य झाला नाही.

लक्षात घ्यावं, की पुदुच्चेरीच्या त्या बाईने बाप्तिस्मा 'घेतला' नव्हता. तो तिचा 'झाला' होता, तान्हेपणी. खानदेशातले वडीलधारे ज्याला मोजतच नाहीत, ते पाणी सरकार दरबारी मोजलं गेलं. नगरपालिकेच्या दाखल्यासारखा चर्चच्या वहीतला बाप्तिस्म्याचा दाखला तारण देतो की नाही यावर धर्मपंडितांचं दोन हजार वर्षं एकमत झालेलं नाही. तो अनुसूचित जातीचा दर्जा काढून घेतो यावर कायद्याचं एकमत आहे. त्यामुळे कित्येक घरांत आजही विश्वास आणि पाणी यांच्यात मुद्दाम अंतर ठेवलेलं असतं, आणि पाळकही ते समजून घेतात. काही पाळक त्याला भित्रेपणा म्हणतात. सरकारी सवलतीशिवाय ज्यांचं बरं चाललंय त्यांना असं म्हणणं सोपं जातं.

नरडाण्याच्या फिटरने काय करावं, हे ठरवणं या लेखाचं काम नाही. त्याच्यासमोरचं दृश्य मात्र साधं आहे. अशा मंडळ्यांत बाप्तिस्म्याला मुडावदकडे, पांझरा तापीला मिळते तिथे नदीवर जाता येतं. पण उन्हाळ्यात पात्र आटलं की सिमेंटचा हौद बरा पडतो. हौदाला पायऱ्या असतात. पाळक कमरेइतक्या पाण्यात उभे, घेणारा पांढऱ्या कपड्यात, एक हात छातीवर, दुसऱ्याने नाक धरलेलं. दोन प्रश्न विचारले जातात, उत्तरं मोठ्याने द्यायची. मग मागे रेलायचं. पाठीला पाळकांचा हात असतो. पाणी कानात जातं, टाळ्या आधी दुरून आणि मग एकदम जवळून ऐकू येतात, आणि कुणीतरी टॉवेल पुढे करतं. गावात पाण्याची टंचाई असली की हौद भरायला टँकर लागतो, आणि मग पाळक चार-सहा जणांची नावं होईपर्यंत थांबतात, एकट्यासाठी टँकर परवडत नाही म्हणून.